आवाजाच्या कामात शिरायचंय? नवख्यांसाठी पायरी-पायरीने

"तुझा आवाज भारी आहे, टीव्हीवर का नाही जात?" कॉलेजच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन केलेल्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं, आणि ह्याच एका वाक्यावर विसंबून बरीच मुलंमुली अंधेरीला येऊन रूम शोधायला लागतात. आवाज भारी असणं वाईट नाहीच, पण स्टुडिओत त्याचं फारसं कौतुक नसतं. तिथे बघतात ते वेगळंच. हातात पहिल्यांदाच आलेला कागद तुम्ही अर्थ समजून वाचू शकता का, आणि डिरेक्टर म्हणाला "जरा कमी विकून दाखव" तर पुढच्या टेकला, म्हणजे तेच परत रेकॉर्ड करताना, खरंच काही बदलतं का. खर्जातला दमदार आवाज असून हे न जमणारे लोक परत जातात, आणि साधा, बोलका, घरगुती आवाज असलेली एखादी बाई बँकांचे आयव्हीआर (फोनवर 'अमुकसाठी एक दाबा' सांगणारा आवाज), सरकारी माहितीपट, शाळांचे ई-लर्निंग करत वर्षानुवर्षं घर चालवते. म्हणून खाली आवाज "बनवण्याबद्दल" कमी आणि वाचण्याबद्दल जास्त लिहिलंय.

१. आधी ठरवा, नक्की कुठलं काम करायचंय

बरेच जण "मला निवेदक व्हायचंय" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात जुनं दूरदर्शन असतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि त्या काळात दोन कार्यक्रमांच्या मधे निवेदिका पडद्यावर येऊन पुढे काय आहे ते सांगायची, हे एक रीतसर काम होतं. स्मिता पाटील सिनेमात येण्याआधी तिथेच मराठी बातम्या वाचायच्या. प्रदीप भिडे तर कित्येक घरांत संध्याकाळच्या बातम्यांचा आवाज म्हणूनच ओळखले जायचे (२०२२ ला गेले ते), आणि त्यांनी बातम्यांबरोबर जाहिराती आणि माहितीपटही भरपूर केले. हे मुद्दाम सांगतोय, कारण नुसत्या निवेदनावर जगणारे लोक तेव्हाही कमीच होते.

पडद्यावरची ती निवेदिका खाजगी चॅनेल आल्यावर जवळपास संपली. तिची जागा प्रोमोच्या आवाजाने घेतली, म्हणजे ते "आज रात्री आठ वाजता, फक्त" वालं. आज आवाजाची कामं साधारण अशी विभागलेली आहेत: चॅनेलचे प्रोमो, टीव्ही-रेडिओ-डिजिटल जाहिराती, कॉर्पोरेट फिल्म आणि ई-लर्निंग, आयव्हीआर आणि घोषणा, माहितीपटाचं निवेदन, ऑडिओबुक, आणि डबिंग. न्यूज चॅनेलची अँकरिंग ह्यात धरू नका, तो पत्रकारितेचा रस्ता आहे, तिथे तुम्हाला बातमी कळावी लागते, आवाज नंतर.

सरकारी बाजूला अजून एक दार आहे ज्याकडे तरुण मंडळी बघतच नाहीत. आकाशवाणीची केंद्रं कॅज्युअल अनाउन्सर (लागेल तेव्हा बोलावलेला निवेदक) आणि कॉम्पिअर (कार्यक्रमाचा सूत्रसंचालक) ह्यांच्यासाठी अधूनमधून जाहिरात काढतात. लेखी परीक्षा, मग आवाजाची ऑडिशन, आणि निवड झाली की "वाणी" नावाचा छोटा सर्टिफिकेट कोर्स, तो केल्याशिवाय माईकसमोर बसवत नाहीत. महिन्यातून मोजक्याच ड्युट्या मिळतात, ही नोकरी नाही आणि कायम होण्याच्या आशेवर तर अजिबात जाऊ नका, पण लाइव्ह बोलायची जी सवय तिथे लागते ती दुसरीकडे पैसे देऊनही मिळत नाही. घड्याळाकडे बघत बरोब्बर सेकंदाला वाक्य संपवणं, गाण्याची सीडी अडकली तर न घाबरता भरून काढणं, परकीय नावं धडधड न चुकता घेणं. दूरदर्शन सह्याद्रीचंही असंच पॅनेल असतं. प्रसार भारतीच्या वेबसाईटवर जाहिराती येतात, तिथे लक्ष ठेवा. बहुतेक वेळा त्या त्या शहरात राहणाऱ्यांनाच घेतात, त्यामुळे नागपूर, कोल्हापूर, रत्नागिरी, जळगाववाल्यांनो, आपलं जवळचं केंद्र बघा, मुंबईच्या नादात हे सोडू नका.

२. वाचायला शिका (हो, परत)

ही पायरी सगळ्यात मोठी आहे आणि सगळ्यात जास्त लोक हीच पायरी गाळून पुढे जातात.

रोज अर्धा तास मोठ्याने वाचायचं. पेपरचा अग्रलेख, दिवाळी अंकातली कथा, औषधाच्या डब्यावरची माहिती, महापालिकेची नोटीस, काहीही. मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचं, त्याच दिवशी नाही, कारण त्याच दिवशी तुम्हाला तुम्ही काय म्हणायला गेलात तेच ऐकू येतं, प्रत्यक्षात काय म्हणालात ते नाही.

ऐकताना काय तपासायचं? पहिलं म्हणजे च आणि ज. मराठीत ह्यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत फरक दिसत नाही. चाक, चोर, चूल एका बाजूला आणि चंद्र, चिंच, चेहरा दुसऱ्या बाजूला. "जरा थांब" मधला जरा वेगळा आणि म्हातारपण ह्या अर्थाची जरा वेगळी. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं ह्यात लगेच पकडली जातात. दुसरं, ण-न आणि ळ-ल. "पाणी" चं "पानी" घरी चालतं, आणि एखाद्या ग्रामीण पात्राला तेच हवं असतं, पण बँकेच्या जाहिरातीत चालत नाही. म्हणजे दोन्ही यायला पाहिजे आणि हवं तेव्हा बदलता यायला पाहिजे. स्वतःच्या बोलीची लाज बाळगून ती पुसून टाकू नका, वऱ्हाडी किंवा मालवणी अस्सल बोलणारा माणूस डबिंगला सोन्याच्या भावाने शोधतात, पुण्यातल्या पोराने ओढूनताणून केलेली मालवणी पहिल्याच वाक्यात कळते.

तिसरं, अनुस्वार. संवाद, संशय, संयम, सिंह. नुसतं "न" लावून "सनवाद", "सनशय" असं वाचलं की ऐकणाऱ्याला कुठेतरी खटकतं, त्याला कारण सांगता येत नाही. चौथं, आवाहन आणि आव्हान. मुख्यमंत्री जनतेला शांततेचं "आव्हान" करतात असं टीव्हीवर इतक्यांदा ऐकलंय की आता बहुतेक लोकांना फरकच माहीत नसावा.

आणि आकडे! त्रेसष्ट, सदुसष्ट, एकोणऐंशी, त्र्याण्णव. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" असं वाचायची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, त्या वादात कुणाचं बरोबर ते जाऊ द्या, पण माईकसमोर अजूनही क्लायंटला "एकोणनव्वद" च लागतं आणि ते न अडखळता लागतं. एक ते शंभर उलटसुलट कसेही विचारले तरी यायला पाहिजेत. कॉर्पोरेट स्क्रिप्टमधे "३७.६९ टक्के" टाईपचे आकडे एका पानात दहा असतात.

हे झालं उच्चाराचं. त्यानंतर खरी गंमत, अर्थ. समजा लोणच्याच्या जाहिरातीचं एक वाक्य आलं: "उन्हाळा आला की आजीच्या अंगणात कैऱ्यांचा ढीग पडायचा, आणि आम्ही मीठ लावून अर्ध्या तिथेच संपवायचो." नवखा माणूस काय करतो, "आजीच्या" वर गोड होतो, "ढीग" वर जोर देतो, "मीठ" वर चटकदार होतो, म्हणजे प्रत्येक शब्द विकतो. मग वाक्यच उरत नाही. पेन घ्या आणि खुणा करा. "आला की" नंतर श्वास नाही, नुसतं किंचित थांबणं. पहिला श्वास "पडायचा" नंतर. जोर पूर्ण वाक्यात एकाच ठिकाणी, माझ्या मते "अर्ध्या" वर, कारण सगळी चोरटी मजा तिथे आहे. "तिथेच संपवायचो" खाली नेऊ नका, बातमी संपल्यासारखं वाटतं, किंचित हसत सोडून द्या, हसू ऐकू येतं, खरंच येतं. आता तेच वाक्य म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत असेल तर (असू शकतं, आजकाल सगळ्या जाहिरातींत आजी असते) जोर "आजीच्या" कडे सरकेल, कारण पुढे बचतीचं काहीतरी येणार आहे. म्हणजे आपलं वाक्य पुढच्या वाक्यावर ठरतं. म्हणून स्क्रिप्ट हातात आली की आधी पूर्ण वाचायची, मगच तोंड उघडायचं.

वेगाचा अंदाजही डोक्यात बसवा. मराठी शब्द लांब असतात, त्यामुळे तीस सेकंदांच्या जाहिरातीत साधारण साठ-पासष्ट शब्द आरामात बसतात, त्याच्यावर गेलं की घाई ऐकू येते. क्लायंट हिंदी स्क्रिप्टचं भाषांतर करून पाठवतो आणि त्यात नव्वद शब्द असतात. अशा वेळी घाईत वाचून दाखवू नका, "हे दोन शब्द काढले तर चालतील का" असं नम्रपणे विचारा. बहुतेक वेळा चालतात.

३. आवाज सांभाळणं

हे थोडक्यात. साधं पाणी दिवसभर थोडं थोडं प्या, रेकॉर्डिंगच्या दहा मिनिटं आधी लिटरभर ढोसून काही होत नाही. तोंडातून चटचट आवाज येत असेल तर सफरचंदाची फोड खा, हे टोटकं वाटतं पण बहुतेक स्टुडिओवाले सांगतात आणि काम करतं. रात्री उशिरा मसालेदार जेवण आणि लगेच झोप, ह्याने सकाळी घसा जड होतो, ॲसिडिटीचा घशाशी थेट संबंध आहे. घसा बसलाय तेव्हा कुजबुजत बोलू नका, त्याने ताण वाढतो, गप्प बसा. दोन-तीन आठवडे आवाज घोगरा राहिला तर हळद-दूध पुरे झालं, ईएनटी डॉक्टरकडे जा, स्वरतंतूंवर गाठी आल्या असतील तर त्या लवकर कळलेल्या बऱ्या. मारामारी-किंचाळ्यांचे सीन नेहमी सेशनच्या शेवटी करायची विनंती करा, कुठलाही समजदार डबिंग डिरेक्टर ऐकतो.

४. घरचा सेटअप, पण आधी खोली

लॉकडाऊननंतर घरून रेकॉर्ड करून पाठवणं सर्रास झालंय, त्यामुळे हे आता टाळता येत नाही. लोक आधी महागडा माईक घेतात आणि मग फरशी, काचेची खिडकी आणि रिकाम्या भिंतींच्या खोलीत बसून "आवाज डब्यातून येतोय" म्हणतात. आधी खोली बघा. घरातली सगळ्यात लहान, कपड्यांनी भरलेली जागा शोधा, उघडं कपाट, मागे दोन जाड रजया किंवा गोधड्या टांगा, खाली सतरंजी. टाळी वाजवा, झणझण ऐकू आलं तर अजून कापड हवं. पंखा बंद, फ्रिजचा आवाज येत असेल तर रेकॉर्डिंगपुरता फ्रिज बंद (आणि तो परत चालू करायचं लक्षात राहावं म्हणून गाडीची चावी फ्रिजमधे ठेवा, ही युक्ती खूप जण वापरतात). शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, रिक्षा आणि सप्टेंबरातले ढोल ह्यांना उपाय नाही, पहाटे पाचला उठा.

माईकबद्दल एकच सांगतो. खोली शांत असेल तर कंडेन्सर, रस्त्यावरची खोली असेल तर डायनॅमिक, तो लांबचे आवाज कमी पकडतो. सोबत साधा ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), कंडेन्सर असेल तर त्यावरचं ४८ व्होल्टचं बटण लागतं, आणि पॉप फिल्टर, म्हणजे माईकसमोरची जाळी. माईकपासून तोंड साधारण एक वीतभर लांब, आणि तोंड अगदी सरळ न ठेवता किंचित तिरकं, म्हणजे प आणि फ चे फटके बसत नाहीत. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी फुकट आहे आणि सुरुवातीला पुरून उरतं. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाईल. ऑडिओबुकवाले साधारणपणे आवाज नसतानाची खरखर उणे ६० डेसिबलच्या खाली आणि पीक (सगळ्यात मोठा आवाज) उणे ३ च्या आत मागतात, तेवढं घरात गाठता आलं तर बाकी कामांना अडचण येत नाही. नॉईज रिडक्शन कमीत कमी लावा, जास्त लावलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि इंजिनीअरला पहिल्या सेकंदाला कळतं.

सगळा मिळून सुरुवातीचा खर्च मध्यम मोबाईलच्या किमतीत बसवता येतो. त्याच्यापेक्षा जास्त, पहिलं काम येण्याआधी, घालू नका.

५. डेमो

एक ते दीड मिनिट. त्यापेक्षा मोठा कुणी ऐकत नाही, आणि पहिल्या दहा सेकंदांत निर्णय झालेला असतो, त्यामुळे सगळ्यात चांगला तुकडा पहिला. "नमस्कार, माझं नाव अमुक, मी व्हॉईस आर्टिस्ट आहे" असं सुरुवातीला नको, नाव फाईलच्या नावात द्या. जाहिरात, निवेदन आणि पात्रं असे तीन वेगळे डेमो करा, सगळं एका फाईलमधे खिचडी करू नका. खऱ्या ब्रँडच्या गाजलेल्या जाहिराती परत वाचू नका, ऐकणाऱ्याच्या डोक्यात मूळ आवाज असतो आणि तुलना होते. स्वतः लिहा किंवा लिहिणाऱ्या मित्राकडून लिहून घ्या.

मिमिक्री डेमोत टाकायची का, हा प्रश्न नेहमी येतो. निळू फुले आणि नाना पाटेकर प्रत्येक जण करतो. त्यापेक्षा तुम्ही तयार केलेली दोन-तीन पात्रं टाका, चिडका कंडक्टर, सत्तरीतली खाष्ट आजी, सहा वर्षांचं पोर. मिमिक्रीतून कान तयार होतो हे खरं, पण काम मिळतं ते पात्र उभं करण्यावर.

पाठवताना: व्हॉट्सॲपवर व्हॉईस नोट म्हणून कधीच पाठवू नका, ती दाबली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा ड्राईव्हची लिंक, आणि लिंकची परवानगी सगळ्यांसाठी उघडी आहे ना ते दुसऱ्या फोनवरून तपासा. "रिक्वेस्ट ॲक्सेस" दिसलं की समोरचा पुढच्या नावाकडे जातो.

६. डबिंग, हे वेगळंच जग

मला स्वतःला ह्या धंद्यातला सगळ्यात मजेचा भाग हाच वाटतो त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

बूथमधे तुम्ही उभे. समोर स्टँडवर स्क्रिप्ट, वर स्क्रीनवर सीन आणि कोपऱ्यात पळणारा टाईमकोड (सीनचं घड्याळ). हेडफोन बरेच जण एका कानावरून सरकवून ठेवतात, मूळ आवाज एका कानात आणि स्वतःचा खोलीतला आवाज दुसऱ्यात. काचेपलीकडे इंजिनीअर आणि डिरेक्टर, बोलतात टॉकबॅकवर, म्हणजे त्यांच्याकडच्या माईकवरून. लाईन एकदा-दोनदा ऐकवतात आणि लगेच टेक. पूर्वी फिल्मची लूप, म्हणजे सीनचा एकच तुकडा, परत परत फिरायची आणि सीनमधले सगळे कलाकार एकत्र उभे राहायचे, लूप हा शब्द अजून टिकलाय, पण आता बहुतेक वेळा प्रत्येक जण एकटाच येऊन आपल्या लाईनी करून जातो. म्हणजे तुम्ही ज्याच्याशी भांडताय तो कदाचित उद्या येणार असतो. समोर कुणी नसताना उत्तर द्यायचं, ही नाटकवाल्यांना सुरुवातीला जड जाणारी गोष्ट.

लिपसिंक म्हणजे नुसतं सुरुवात-शेवट जुळवणं नाही. ओठ कुठे मिटतात ते बघायचं, म्हणजे प, फ, ब, भ, म कुठे पडतात. हिंदीतली साधी लाईन घ्या, "मुझे माफ कर दो". मराठीत "मला माफ करा". पहिला म जागेवर, "माफ" जसंच्या तसं, इथपर्यंत झकास. पण मूळ नटाचे ओठ शेवटी "दो" वर गोल झालेत आणि आपलं "करा" तोंड उघडं टाकतं. क्लोजअप असेल तर दिसतं. मग काय, "मला माफ करा हो". ते "हो" ओठ गोल करतं, शिवाय मराठी कानाला अगदी खरं वाटतं, गयावया आपोआप येते. अशी सोय दर लाईनीत नसते, पण डबिंग लेखक आणि कलाकार मिळून दिवसभर हेच शोधत असतात. लाँगशॉट असेल किंवा नट पाठमोरा असेल तर मोकळीक असते, तिथे उगाच ओठांच्या मागे लागून वाक्य लंगडं करू नका.

लाईनींइतकेच महत्त्वाचे असतात ते श्वास, हुंकार, धक्का बसल्यावरचा "अं", जिना चढतानाची धाप. नवख्यांचं डबिंग इथे उघडं पडतं, शब्द बरोबर पण माणूस श्वासच घेत नाही.

सुरुवात होते ती गर्दीतून. बाजार, लग्न, मोर्चा, ह्या सीनमधल्या गलक्यासाठी चार-सहा जणांना एकत्र बोलावतात. पैसे कमी, नाव नाही, पण जा. मधल्या वेळेत बाकीच्यांचं काम बघायला मिळतं, आणि एखाद्या दिवशी दोन लाईनीचा हवालदार करणारा आला नाही की डिरेक्टर गर्दीकडेच बघतो.

ह्या कामाला आता बरे दिवस आलेत. शरद केळकरने "बाहुबली" च्या हिंदीत प्रभासला आवाज दिला, श्रेयस तळपदेने २०२१ च्या "पुष्पा" च्या हिंदीत अल्लू अर्जुनला, आणि लोकांना पहिल्यांदाच डबिंग करणाऱ्याचं नाव माहीत झालं. केळकर लहानपणी अडखळत बोलायचा हे त्याने स्वतःच मुलाखतींत सांगितलंय, त्यामुळे "मी अडखळतो" ही सबब इथे देऊ नका. मेघना एरंडेने हिंदीत निन्जा हातोरी आणि नॉडी केलेत. कार्टूनमधल्या लहान मुलग्यांचे आवाज बऱ्याचदा बायकाच करतात, कारण खऱ्या मुलाचा आवाज वयात येताना फुटतो आणि मालिका मधेच अडकते. "बाहुबली" मराठीतही डब झाला, म्हणजे मराठी डबिंगला काम नाही असं नाही, पण हिंदीच्या तुलनेत कमी आहे आणि दरही कमी आहेत, हे आधीच माहीत असलेलं बरं.

म्हणून बहुतेक मराठी कलाकार हिंदीही करतात. तिथे आपलं मराठी वळण आडवं येतं. "है" चा आपण "हइ" किंवा "हे" करतो, "ज्ञान" चा "द्न्यान" करतो जिथे हिंदीत "ग्यान" पाहिजे, आणि नुक्त्याचा ज़ आणि फ़ तर आपल्याला शाळेत कुणी शिकवलेलाच नसतो. जुन्या विविध भारतीच्या निवेदकांची रेकॉर्डिंग ऐका, अमीन सयानी ऐका, नक्कल करायला नाही, हिंदी वाक्याचा चढउतार कानात बसायला.

७. काम कुठून येतं

ओळखीतून. हे ऐकायला वाईट वाटतं, पण ओळख म्हणजे मामाचा वशिला असं नाही. अंधेरी पश्चिम, वर्सोवा, ओशिवरा, गोरेगाव ह्या पट्ट्यात डबिंग आणि साऊंडचे छोटे-मोठे स्टुडिओ आहेत. डबिंग कोऑर्डिनेटर हा माणूस महत्त्वाचा, कलाकारांची यादी त्याच्याकडे असते. फोन करून वेळ घ्या, व्हॉईस टेस्ट द्या, नाव-नंबर आणि कुठल्या भाषा-बोली येतात ते लिहून द्या, आणि महिन्या-दोन महिन्यांनी एक साधा मेसेज. रोज "सर काही काम?" नको. साऊंड इंजिनीअरशी नीट वागा, कलाकार सुचवायची वेळ येते तेव्हा त्याचं नाव पुढे येतं जो वेळेवर आला आणि ज्याने कमी टेक घेतले.

डबिंग नियमित करायचं ठरलं की युनियनचं कार्ड लागतं, मुंबईत असोसिएशन ऑफ व्हॉईस आर्टिस्ट्स आहे. फी आणि नियम तिथल्या ऑफिसलाच विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या माहितीवर जाऊ नका.

मुंबईबाहेर असाल तर ऑडिओबुक हा चांगला रस्ता. स्टोरीटेल २०१७ ला भारतात आलं ते मराठीही घेऊनच, आणि त्यानंतर मराठी ऐकणाऱ्यांचा बाजार वाढलाय. पण हे चिकाटीचं काम आहे. तासाभराचं तयार पुस्तक म्हणजे सात-आठ हजार शब्द, आणि ते रेकॉर्ड करायला नवख्याला तीन तास सहज लागतात, एडिटिंग वेगळं. पहिल्या प्रकरणातला आवाज अकराव्या प्रकरणात तसाच राहायला पाहिजे, म्हणून प्रत्येक पात्राचा छोटा नमुना बाजूला सेव्ह करून ठेवा.

आणि फसवणूक. "रजिस्ट्रेशन फी भरा, चॅनेलवर काम देतो" म्हणणारा काम देत नाही. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. ऑडिशन म्हणून अख्खी स्क्रिप्ट वाचायला सांगितली तर सावध व्हा, दोन-चार ओळी पुरतात, आणि नमुना पाठवताना मधे कुठेतरी नाव घाला किंवा मागे हलकी बीप टाका. कोर्सबद्दल विचाराल तर, शिकवणारा स्वतः सध्या काम करतोय का आणि प्रत्येकाला माईकसमोर किती वेळ मिळतो, हे दोनच प्रश्न विचारा. सर्टिफिकेट स्टुडिओत कुणी बघत नाही.

८. पैसे आणि कागदपत्रं

दर सांगण्याच्या पद्धतीच वेगवेगळ्या आहेत. जाहिरात एका फिल्मवर, कॉर्पोरेट मिनिटावर किंवा शब्दांवर, ऑडिओबुक तयार तासावर (एडिट होऊन उरलेल्या रेकॉर्डिंगच्या तासावर), डबिंग एपिसोडवर किंवा भूमिकेवर. जाहिरातीत नेहमी विचारा: कुठे वाजणार, किती दिवस? फक्त इन्स्टाग्रामवर तीन महिने आणि सगळ्या टीव्ही चॅनेलवर वर्षभर ह्याचा दर एक असू शकत नाही. आणि किती वेळा बदल करून द्यायचे ते आधीच ठरवा. वाचण्यात चूक तुमची असेल तर फुकट परत, स्क्रिप्ट त्यांनी बदलली तर वेगळे पैसे. हे सगळं काम सुरू करायच्या आधी ईमेलवर, निदान मेसेजवर लेखी. माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाचे कुठे ना कुठे पैसे अडकलेत, आणि ज्यांच्याकडे लेखी होतं त्यांचेच सुटलेत.

पॅन कार्ड, बँक खातं, साधं इन्व्हॉईस, नंबर आणि तारखेसकट. पैसे साठ-नव्वद दिवसांनी येतात हे धरूनच चाला, म्हणजे मुंबईत येताना निदान सहा महिन्यांचं भाडं हाताशी हवं किंवा दुसरी नोकरी. व्यावसायिक फीवर साधारण १० टक्के टीडीएस (आधीच कापलेला इन्कम टॅक्स) कापला जातो, तो गेला नाही, रिटर्न भरलं की हिशोबात येतो, पण कापणाऱ्याने तो भरलाय का ते इन्कम टॅक्सच्या साईटवर स्वतः बघा. जीएसटी वर्षाची कमाई २० लाखांच्या पुढे गेल्यावर, म्हणजे त्याची काळजी आत्ता नको.

शेवटचं, एआय. हल्ली करारात बारीक अक्षरांत असं वाक्य असतं की रेकॉर्डिंग "कुठल्याही तंत्रज्ञानासाठी, कायमस्वरूपी, जगभर" वापरता येईल. ह्याचा अर्थ तुमच्या आवाजाचा क्लोन (एआयने केलेली हुबेहूब नक्कल) बनवून उद्या तुम्हालाच बोलावणार नाहीत. जुलै २०२४ मधे मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाचे असे क्लोन करणाऱ्यांविरुद्ध अंतरिम आदेश दिला, म्हणजे कोर्ट हे गांभीर्याने घेतं, पण अरिजितची केस आणि पहिली जाहिरात केलेल्या पोराची केस सारखी नाही, त्यामुळे सही करायच्या आधीच बघायचं. साधं वाक्य घालायला सांगा: "हे रेकॉर्डिंग फक्त ह्या प्रोजेक्टसाठी, एआय ट्रेनिंग किंवा आवाजाची नक्कल करण्यासाठी वापरता येणार नाही." बरेच जण काही न बोलता मान्य करतात. मुद्दाम एआयसाठीच हजारो वाक्यं वाचून देण्याची कामंही येतात, ती घ्यायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, पण ती एकदाच पैसे देतात आणि आवाज कायमचा घेतात, हा हिशोब मांडून मगच आकडा सांगा, आणि तो नेहमीच्या दराच्या कितीतरी पट असू द्या.